मांड बोलते, घोडी ऐकते

ऊस नुकताच तुटून गेलेल्या वावरात आम्ही घोडीवर बसलो होतो. गाव पिंपळवंडी, तालुका जुन्नर. कुकडीच्या पाण्यावरचा हा भाग, त्यामुळे नजर जाईल तिथे ऊस. आणि ऊस म्हटला की बिबट्या, हे आता जुन्नर-आंबेगावात शाळेतल्या पोरांनाही सांगावे लागत नाही. वावराच्या डाव्या अंगाला अजून न तुटलेला फड उभा होता. तिकडे जायचे नाही, एवढी एकच सूचना आम्हांला मिळाली होती. म्हणून आम्ही लगामाची उजवी दोरी ओढत होतो. घोडीने मान उजवीकडे वळवली खरी, पण पाय मात्र एकेक करून डावीकडेच टाकले. दोनदा झाले, तिनदा झाले. आम्ही जितकी दोरी ओढावी तितकी ती फडाच्या जवळ सरकत होती.

घोडीचे मालक बांधावर बसून हे पाहत होते. गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. ते शेवटी उठले आणि म्हणाले, "सर, हातानं उजवीकडं म्हणताय अन् बुडानं डावीकडं. तिनं ऐकायचं कुणाचं?"

आमची नजर सारखी त्या फडाकडे होती. भीतीच ती! नजरेबरोबर मान, मानेबरोबर खांदे आणि खांद्यांबरोबर कंबर अशी सगळी वळण घेत होती, आणि आम्हांला याचा पत्ताही नव्हता. घोडीला मात्र तो होता. विज्ञानाच्या माणसाला एखाद्या जनावराने असे उघडे पाडले की त्याला आधी राग येतो आणि मग कुतूहल वाटते. त्या कुतूहलातून हा लेख लिहिला आहे.

मराठीत स्वाराच्या बैठकीला 'मांड' असा नेमका शब्द आहे. मांड पक्की असणे, मांड ढिली पडणे असे आपण म्हणतो. मांड आणि मांडी हे शब्द एकाच घरातले. पण बोलण्याच्या ओघात 'पक्की मांड' म्हणजे घोड्याला मांड्यांनी घट्ट आवळून धरणे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती चुकीची का आहे, हे पुढे येईलच.

प्रथम आबांच्या घोडीचे काम काय ते सांगायला हवे, कारण पुणे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना ते ठाऊक असेलच असे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत बैलगाडा शर्यती होतात. शर्यतीच्या चढणीच्या मार्गाला 'घाट' म्हणतात आणि एकेका गाड्याच्या पळण्याला 'बारी'. गाड्याला चार बैल असतात, आणि त्यांच्या पुढे एक घोडी पळते. तिच्यावर स्वार असतो. तिच्या मागे लागूनच बैल घाट चढतात. या कामाला 'घोडी धरणे' असे म्हणतात. सारा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या साऱ्या काळात चर्चा झाली ती बैलांची. ती व्हायलाच हवी होती. पण बैलांपुढे पळणाऱ्या घोडीबद्दल कोणी फारसे बोलले नाही.

तिची स्थिती कशी असते पाहा. मागे चार बैल, दोन्ही कडांना माणसांच्या भिंती, हलगी, ढोल, ध्वनिक्षेपक, उधळलेला भंडारा. स्वाराने ओरडून काही सांगितले तरी ते तिला ऐकू जाण्याची शक्यता थोडीच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण पाठीवर बसलेल्या माणसाचा बहुतेक भाग त्या दृष्टिक्षेत्राबाहेर राहतो. उरला लगाम. तोंडातली लोखंडी कडी पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर टेकते. तिथे हाडावर कातडीचा पातळ थर असतो. म्हणजे लगामाने सांगता येते, पण जोराने सांगितले तर ते दुखते. आबांच्या घोडीच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात एक बरी होत आलेली जखम होती. ती कशाची, असे विचारल्यावर आबांनी शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडे पाहिले. नातू नववीत आहे. यंदाच्या चैत्रातल्या यात्रेत घोडी आपण धरायची, असा त्याचा हट्ट आहे. तो खाली पाहू लागला.

डोळे, कान आणि तोंड सोडले तर संदेश पोचवायला एकच मोठी वाट उरते, ती म्हणजे त्वचा. स्वाराची बैठक आणि मांड्या जिथे टेकतात तो घोड्याच्या अंगाचा बराच मोठा भाग असतो.

गोठ्यात किंवा टांग्याच्या अड्ड्यावर उभ्या असलेल्या घोड्याचे निरीक्षण मुलांना करायला सांगावे. पोटाच्या कडेला माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. पाय हलत नाही, शेपटी पोचत नाही, तरी माशी उडते. घोड्याच्या धडाच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर पसरलेला असतो. स्पर्श झालेल्या जागेपुरताच तो आकुंचन पावतो. ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. माशीचे वजन साधारण १२ ते २० मिलिग्रॅम. ५५ किलो वजनाचा स्वार म्हणजे वजनाच्या हिशेबाने तीस-चाळीस लाख माश्या! अर्थात माशी कळते ती तिच्या वजनाने नव्हे, तर केसांच्या मुळांशी झालेल्या हालचालीने, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे.

अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठातील कॅरल सॅस्लो यांनी २००२ साली घोड्यांच्या संवेदनांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ठरावीक दाबाला वाकणारे बारीक तंतू त्वचेवर टेकवून किती कमी दाब जाणवतो, हे मोजण्याची एक पद्धत आहे. तिने पाहिले असता घोड्याच्या अंगाचा जो भाग स्वाराच्या पायांशी येतो, तो माणसाच्या पोटरीपेक्षाच नव्हे, तर बोटाच्या टोकापेक्षाही अधिक संवेदनशील आढळला. आपल्याला स्वतःला जाणवणार नाही इतका हलका दाब घोड्याला जाणवू शकतो. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपण घोड्याला जे 'सांगतो', त्याच्या कितीतरी पट अधिक त्याला 'ऐकू येते'. न सांगितलेलेही त्याला ऐकू येते.

मग पुष्कळ घोडे मठ्ठ का वाटतात? टाच मारली तरी हलत नाहीत, असे का? इथे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली मांडलेला नियम उपयोगी पडतो. मोकळ्या तळहातावर कोणी पाच रुपयांचे नाणे ठेवले तर डोळे मिटूनही ते कळते. त्याच हातात पाच किलो तांदळाची पिशवी असेल आणि त्या पिशवीत तेच नाणे टाकले, तर कळत नाही. मुळात असलेले उद्दीपन जितके मोठे, तितका त्यातला बदलही मोठा असावा लागतो. तरच तो जाणवतो. वेबर यांचे प्रयोग माणसांवरचे होते, पण घोड्याबाबत वेगळे मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. मांड्यांनी घोडीला आवळून बसलेला स्वार म्हणजे ती पाच किलोची पिशवी. त्याने टाचेचा हलका इशारा दिला तर तो त्या आवळण्यात बुडून जातो. मग तो टाच जोरात मारतो, घोडी दचकते, दचकल्याने तो आणखी घट्ट आवळतो. ढिल्या अंगाने बसणाऱ्या स्वाराला हाच इशारा श्वासाच्या फरकाने देता येतो. रेडिओवर खरखर वाढली की आपण आवाज वाढवतो, पण खरे तर खरखर कमी करायला हवी असते, तसेच हे.

आबांची शिकवण याच्याशी जुळती होती. नातवाला ते सारखे एकच सांगत होते, "तिला काय बी सांगू नको. आधी गप बस."

आता वजनाकडे येऊ. घोडी डावीकडे का गेली, याचे निम्मे उत्तर साध्या यांत्रिकीत आहे. यात्रेत लहान मुलाला खांद्यावर घेऊन फिरलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. पोर डावीकडच्या पाळण्याकडे झुकले की आपला पाय आपोआप डावीकडे पडतो. पोराची आज्ञा पाळण्यासाठी नव्हे, तर तोल सावरण्यासाठी. तळहातावर केरसुणी उभी धरण्याचा खेळही हाच. वरचे टोक ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हात न्यावा लागतो.

आकडे मांडून पाहू. गावाकडची घोडी ३२० किलोची आणि स्वार ५५ किलोचा धरू. स्वाराचा गुरुत्वमध्य मधल्या रेषेपासून ५ सेंटिमीटर डावीकडे सरकला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ५५ गुणिले ५ भागिले ३७५, म्हणजे पाऊण सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी सरकतो. हे अगदीच किरकोळ वाटते. पण आघूर्णाचा विचार केला तर ५५ किलो ५ सेंटिमीटरवर म्हणजे पावणेतीन किलो एका मीटरवर. तुमच्या अंगाला एक मीटर लांबीची काठी आडवी बांधली आहे आणि तिच्या डाव्या टोकाला पावणेतीन किलोची पिशवी लटकली आहे, अशी कल्पना करा. चालताना तुम्ही तिला विसरू शकाल का? घोडीही विसरत नाही. ती त्या भाराखाली येण्यासाठी डावीकडे पाऊल टाकते.

पाच सेंटिमीटर सरकायला फार काही करावे लागत नाही. हा प्रयोग वर्गात करता येईल. मुलांना कडक बाकावर आपले दोन्ही तळहात बुडाखाली, तळवे वर करून, ठेवून बसायला सांगावे. हाताला दोन टणक हाडे लागतात. ती श्रोणीची खालची टोके. बसलेल्या माणसाचा बराचसा भार त्यांवर असतो. आता मान फक्त डावीकडे वळवून खिडकीबाहेर पाहायला सांगावे. एका हातावरचा दाब बदलल्याचे बहुतेकांना कळते. हनुवटी वर केली, दात आवळले, श्वास रोखला, की काय होते तेही पाहावे. हसू आवरले की पुढे जावे. हातांच्या जागी घोड्याची पाठ आहे एवढाच फरक.

घोड्याची पाठ मात्र बाकासारखी स्थिर नसते. चालीप्रमाणे तिची हालचाल बदलते. साध्या चालीत चार पाय एकामागून एक पडतात. मागचा डावा पाय उचलून पुढे येत असताना त्या बाजूचा पुठ्ठा खाली जातो आणि पोट उजवीकडे झुलते. मागचा उजवा पाय उचलला की उलट. मागून चालत जाऊन पाहिले तर पोटाचा हा झोका स्पष्ट दिसतो. त्यामुळे स्वाराची कंबरही आळीपाळीने डावी-उजवी खाली जाते, पुढे-मागे होते, थोडी वळते. माणूस स्वतः चालताना त्याच्या कंबरेची जशी हालचाल होते, तिच्याशी ही फार मिळतीजुळती असते. चालता न येणाऱ्या मुलांना घोड्यावर बसवून उपचार करण्याची जी पद्धत आहे, तिच्या मुळाशी हेच साम्य आहे.

आबांनी आम्हांला डोळे मिटायला लावले आणि मागचा डावा पाय उचलला की 'डावा' म्हणा, असे सांगितले. घोडी नातवाने धरून चालवली. पहिली पाच-सहा मिनिटे आमचे उत्तर बरोबर येणे हा निव्वळ योगायोग होता. मग कुठेतरी आम्ही मोजणे सोडून दिले आणि एकाएकी ते कळू लागले. हे केवळ गंमत म्हणून नाही. जमिनीवर टेकलेला, भार पेलणारा पाय आपली जागा बदलू शकत नाही. हवेत असलेला पायच वेगळ्या जागी पडू शकतो. म्हणून डाव्या पायाविषयीचा इशारा तो हवेत असतानाच द्यावा लागतो. त्यासाठी उपलब्ध असलेला वेळ सेकंदाच्या एका भागाइतका. स्वाराला खाली वाकून पाहायला सवड नसते, त्याच्या बैठकीलाच ते कळावे लागते. म्हणजे मांड बोलते तशी ती ऐकतेही, आणि आधी तिला ऐकावेच लागते.

दुडकीत प्रकरण अवघड होते. तिरकस जोडीचे पाय एकदम पडतात, मध्ये क्षणभर चारही पाय हवेत असतात. पाठ खालीवर उसळते आणि प्रत्येक पावलाला पाठीवरचा भार स्वाराच्या वजनाच्या सुमारे दुप्पट होऊन पुन्हा उतरतो. नवशिका स्वार इथे उसळतो आणि उसळला की जे हाताला लागेल ते धरतो. हातात असतो लगाम. प्रत्येक उसळीला घोडीच्या तोंडाला हिसका बसतो. नातवाच्या हातून ओठ फाटला तो असाच. त्याने मुद्दाम काही केले नव्हते. मांड सुटली की तिचे काम हात करू लागतात, आणि हातांची चूक तोंडाला भोगावी लागते.

शर्यतीच्या घोड्यावरचे जॉकी कसे बसतात, असे इथे कोणी विचारील. ते बसतच नाहीत. आखूड रिकिबीत उभे राहून ते घोड्याच्या मानेवर ओणवे होतात. घोडा खालून वरखाली होतो आणि ते जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातात. ही ओणवी पद्धत १८९० ते १९०० च्या सुमारास रूढ झाली, तेव्हा शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या, असे २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकातील एका निबंधात दाखवले गेले. पण त्यासाठी रिकीब हवी. घाटातले कित्येक स्वार खोगिराशिवायच बसतात. त्यांना घोडीच्या हालचालीत मिसळून जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

रिकीब ही मानवी इतिहासात तशी उशिरा आलेली गोष्ट आहे. पायाचा अंगठा अडकवण्याचे साधे फास आपल्याकडे सांचीच्या शिल्पांत दिसतात. पूर्ण पाऊल टेकवता येईल अशी धातूची रिकीब चीनमध्ये इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास दिसू लागते. त्यापूर्वीच्या काळात, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, ग्रीक सेनानी झेनोफोनने घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात खुर्चीवर बसल्यासारखे बसण्याविरुद्ध बजावले. आपल्याकडच्या स्वारांचे कामही बोलके आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी याच जुन्नर शहरावर रात्रीचा छापा घातला आणि ३ लाख होनांबरोबर २०० घोडे नेले. घोडे ही त्या काळी रोकड्याइतकीच मोलाची लूट होती. मराठ्यांच्या फौजेत भीमेच्या खोऱ्यातली काटक, बुटकी भीमथडी तट्टे असत; कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. ज्याच्या एका हातात भाला आहे, त्याला लगामासाठी एकच हात उरतो, आणि ऐन झटापटीत तोही पुरेसा मोकळा राहत नसणार. त्याचे वळणे, थांबणे, निसटणे हे पुष्कळसे मांडीवरच चालत असले पाहिजे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घोड्याला मांडीची भाषा जन्मतः येत नाही. तोल सावरण्यासाठी भाराखाली जाणे एवढेच काय ते नैसर्गिक. बाकीचे सारे शिकवलेले असते. शिकवण्याची रीत अशी: हलका दाब द्यायचा आणि हवी ती हालचाल होताच, त्याच क्षणी, दाब काढून घ्यायचा. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, तर दाब जाण्यामुळे. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. बी.एड.च्या उत्तरपत्रिकांत ऋण प्रबलन आणि शिक्षा यांची सर्रास गल्लत होते, म्हणून हे उदाहरण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिक्षा एखादी कृती थांबवण्यासाठी असते. इथे त्रासदायक गोष्ट काढून घेऊन कृती दृढ केली जाते. दाब काढायला दोन सेकंद उशीर झाला तर मधल्या वेळात घोड्याने जे काही केले असेल, मान झटकली असेल, मागे सरकला असेल, ते दृढ होते. आणि दाब कधीच काढला नाही तर घोडा एवढेच शिकतो की या माणसाच्या दाबाला काही अर्थ नाही.

थांबवण्याचेही असेच. आबांची घोडी थांबवायला ते श्वास सोडतात, पाठ सरळ ठेवतात आणि कंबरेचे झुलणे बंद करतात. बस्स. सुरुवातीला यापाठोपाठ लगामाचा इशारा दिलेला असतो. काही दिवसांनी घोडी लगामाची वाट न पाहता कंबर थांबताच थांबू लागते, कारण तिला पुढे काय येणार ते कळलेले असते. मोठी भाषा अशी हळूहळू लहान होत जाते. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाज या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत आपल्याला ते ४१ वर्षांनी मिळाले. त्याचे चित्रण पाहिले तर घोडा तिरपा चालतो, जागच्या जागी नाचतो, आणि स्वार मात्र काहीच करत नाही असे वाटते. ते 'काहीच' शिकायला वर्षे लागतात.

पण घोडा शिकवलेल्या खुणांवर थांबत नाही, आणि हीच या विषयातली सर्वांत गमतीची बाब आहे. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला चार वर्षे गणित शिकवले. बेरीज विचारली की हान्स खुराने तितके टोले देई आणि उत्तर बरोबर येई. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी केली, तिला लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने नीट प्रयोग केले. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सलाही ते येत नसे. विचारणारा दिसत नसेल तरीही येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर जाई, आणि हान्स तेवढ्यावर थांबे. फुंग्स्टने १९०७ मध्ये हे प्रसिद्ध केले. त्याने लिहिलेली एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. हे सगळे कळल्यानंतरही, मुद्दाम रोखून धरले तरी, त्याच्याकडून ती हालचाल होतच राहिली.

याचा ताळा वर्गात पाहता येईल. हातभर दोऱ्याला लोखंडी चाकी किंवा किल्ली बांधावी. कागदावर फुली काढून तिच्यावर ती लटकती धरावी, हात स्थिर ठेवावा आणि मनात फक्त 'आडवी, आडवी' असे म्हणावे. थोड्या वेळात चाकी आडवी झुलू लागते. मग 'उभी' म्हणावे. हात हलवत नाही, अशी मुले शपथ घेतील आणि ती खोटे बोलत नसतील. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३३ मध्येच याचे स्पष्टीकरण दिले होते: कल्पनेबरोबर स्नायूंची अतिसूक्ष्म, अभावित हालचाल होते आणि लंबक ती वाढवून दाखवतो. तोंडी परीक्षेत आपण प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर बरोबर येताच आपल्या भुवया काय करतात, हेही कधी सहकाऱ्याला पाहायला सांगावे.

घोड्याच्या पाठीवर आपण स्वतःच तो लंबक असतो. स्वीडनमधील लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना घोडा हाताने धरून किंवा घोड्यावर बसून एका ठरावीक वाटेने चार वेळा जायला सांगितले होते. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगण्यात आले की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कोणी काही सांगितले नव्हते.

आम्ही हे आबांना सांगितले तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही. ते नातवाकडे पाहून म्हणाले, "ह्येच तर म्हणतोय मी. मागनं बैल येत्यात त्याची घोडीला भीती न्हाई. तिला रोजचंच हाय ते. ह्येला भीती हाय, अन् ह्येची भीती तिला कळती."

नातवाने पहिल्यांदाच तोंड उघडले. "मग काय करायचं आबा? भीती वाटू नये म्हणून काय करायचं?"

आबा म्हणाले, "वाटू दे की. पण ती हातात नको आणू."

त्या दिवशी आबांनी घोडीच्या तोंडातली कडी काढून टाकली आणि नुसती दोरीची मोहरकी बांधली. दोरीचे टोक स्वतःच्या हातात धरले आणि नातवाला खोगिराशिवाय वर बसवून हाताची घडी घालायला लावली. घोडी त्यांच्याभोवती गोल फिरू लागली. आधी चालीने, मग दुडकीने. पोरगा पहिल्या तीन फेऱ्यांत दोनदा घसरला. वावर मऊ होते. चौथ्या फेरीत त्याने दात आवळणे सोडले, हे आम्हांला बांधावरूनही दिसले. घोडीचा आतल्या बाजूचा कान, जो तोवर आबांकडे होता, तो मागे त्याच्याकडे वळला. घोड्याचे लक्ष कुठे आहे ते त्याच्या कानांवरून ओळखावे, असे म्हणतात ते खरे आहे.

थोड्या वेळाने आबांनी दोरी ढिली सोडली आणि डोळ्यांनीच खूण केली. पोराने श्वास सोडला. घोडी आणखी दोन पावले चालली आणि उभी राहिली. आबांनी लगेच तिची मान थोपटली. पोराला काही म्हटले नाही.

यंदाच्या यात्रेत घोडी कोण धरणार, हे आम्ही निघालो तोवर ठरलेले नव्हते. ओठ पुरता भरेपर्यंत कडी घालायची नाही, एवढे मात्र आबांनी सांगून टाकले होते, आणि पोरानेही त्यावर हुज्जत घातली नाही.